पाक आरटींकडे राहिलेली डिस्क

जावा बेटावरच्या कारांगतालूनमध्ये कुणाचा कॉम्प्युटर बंद पडला की लोक आधी दोन-तीन दिवस त्याला थापट्या मारून बघायचे आणि मग पाक प्रावोतोंना बोलवायचे. 'पाक' म्हणजे घरात बाबा आणि बाहेर राव. प्रावोतो यायचे, चपला दारात काढायचे, बसायचे, चहाचा पहिला घोट घ्यायचे आणि विचारायचे, "बॅकअप आहे?" समोरचा छताकडे बघायचा. "आहे तर. बहुतेक." मग ते चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून म्हणायचे, "उघडून न पाहिलेला बॅकअप म्हणजे नुसती आशा."

तंत्रशाळेत त्यांनी एकतीस वर्षं शिकवलं. तिथल्या पोरांना वायरिंग आलं असेल-नसेल, पण हे वाक्य प्रत्येकाला म्हणता यायचं, तेही त्यांच्याच आवाजात, 'आशा'वर जरा लांबण लावून. एकदा ते वर्गात शिरले तेव्हा एक पोरगं फळ्यापुढे उभं राहून हेच करत होतं. प्रावोतो रागावले नाहीत. हनुवटी आणखी वर पाहिजे, एवढंच त्यांनी सुचवलं.

त्यांचेही सोन्याचे दिवस होते. चोरीच्या सॉफ्टवेअरची तपासणी होणार अशी आवई तालुक्यात उठली तेव्हा इंटरनेट कॅफेवाल्यांची झोप उडाली होती. प्रावोतो मोटारसायकलच्या डिकीत सीड्यांची चळत घालून निघाले आणि तीन आठवड्यांत चौदा कॅफेंत त्यांनी चोरीचं काढून कुणालाही वापरता येणारं लिनक्स टाकून दिलं. फुकट. लिनक्सचं चिन्ह पेंग्विन, म्हणून लोक त्यांना 'पाक पेंग्विन' म्हणू लागले. पुढे प्रत्येकाच्या खिशात फोन आला, कॅफे एकेक करून बंद झाले. एकात आता कोंबड्यांचं खाद्य मिळतं, एकात दात काढतात. गावात लिनक्सवर चालणारं एकच मशीन उरलं, ते प्रावोतोंच्या घरातलं.

त्याचं नाव क्याई साबार. सबुरीबाबा. मान द्यायच्या वस्तूंना आपल्याकडे 'क्याई' म्हणतातच, गोंगला, कट्यारीला, रथाला. मग मशीननं काय पाप केलंय, असं प्रावोतोंचं म्हणणं. सुरो महिन्याच्या एक तारखेला, म्हणजे जावानी वर्षाच्या पहिल्या दिवशी, लोक घरातल्या वडिलोपार्जित कट्यारी काढून लिंबाच्या रसानं धुतात. प्रावोतो त्या दिवशी क्याई साबारचं झाकण उघडायचे, ब्रशनं धूळ काढायचे, मोगऱ्याची चार फुलं त्याच्या माथ्यावर ठेवायचे आणि वर्षाचं अपग्रेड करायचे. वर्षातून एकदाच, एक पायरी वर. दहा-बारा वर्षं हे बिनबोभाट चाललं.

मग बू लास्त्रींच्या घशाचं ऑपरेशन झालं.

लास्त्री म्हणजे त्यांची बायको. गामेलानच्या वाद्यवृंदाबरोबर गाणारी, आजूबाजूच्या सात गावांत लग्न ठरलं की आधी तिची तारीख घ्यायची आणि मग मंडपवाल्याची, असा रिवाज होता. डॉक्टरांनी गाठ काढली, गाठीबरोबर आवाजही गेला. त्या वर्षी सुरोची पहिली आली नि गेली, पण मोगरा आणायची कुणाला शुद्ध नव्हती. पुढच्या वर्षीही नाही. त्याच्याही पुढच्या वर्षी प्रावोतोंनी झाकण उघडलं, धूळ झटकली आणि पुन्हा लावून टाकलं.

लास्त्री आता शाळेतल्या छोट्या पांढऱ्या फळ्यावर मार्करनं लिहायची. आवाज गेला, पण नकला करायची खोड गेली नव्हती. उलट वाढली. पूर्वी तोंडानं करायची ते आता भुवया, पोट आणि खांदे यांनी करायची. गल्लीचे प्रमुख पाक आरटी येऊन गेले की ती पोट पुढे काढून, त्यावर दोन्ही हात ठेवून, डोळे अर्धे मिटून अशी डुलायची की ते अजून अंगणातच आहेत असं वाटावं.

तिचा सगळा आवाज क्याई साबारच्या पोटात होता. ऑपरेशनच्या आधीच्या पाच वर्षांत प्रावोतोंनी घरच्या ओसरीवर तिची प्रत्येक तालीम रेकॉर्ड केली होती. साठ-सत्तर फोल्डर. त्यांना नावं द्यायची तीही आपल्या पंचांगाप्रमाणे, वाराला पाच दिवसांच्या जुन्या आठवड्यातलं नाव जोडून, 'सोमवार वागे', 'गुरुवार पोन'. दर पस्तीस दिवसांनी तोच वार आणि तेच नाव परत येतं, तेव्हा 'सोमवार वागे'च झाले सात. कुठल्यात कुठलं गाणं, ते रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये उघडून ऐकल्याशिवाय कळायचं नाही. पण उघडून ऐकायला किती वेळ लागतो, असं तेव्हा वाटायचं.

सेकारचा फोन आला तेव्हा लग्नाला अकरा दिवस होते. सेकार त्यांची एकुलती एक मुलगी, समारांगला नोकरी करते. तिनं एकच मागितलं. नवरा-नवरी समोरासमोर येतात त्या घडीला आईचं गाणं वाजलं पाहिजे. भाड्याचं नको, सीडीवरचं नको. आईचं.

"आहे ना पाक तुमच्याकडे?"

"आहे तर," प्रावोतो म्हणाले. लास्त्रीनं फळ्यावर एक डोळा मिचकावणारा चेहरा काढला.

त्यांनी क्याई साबार सुरू केला आणि प्रोग्राम उघडायला गेले. प्रोग्राम म्हणाला, मी फार जुना झालो, मला एक नवीन गोष्ट लागते. त्यांनी ती नवीन गोष्ट आणायला सांगितली. तिनं आणखी चार मागितल्या. त्यातल्या दोन आल्या, दोन 'सापडत नाही' म्हणून परत गेल्या, आणि त्यानंतर प्रोग्राम मुळी उघडेनाच. तीन सुरो चुकले होते. ज्या पायरीवर क्याई साबार बसला होता तिला माल पुरवणारी इंटरनेटवरची दुकानं कधीच उठली होती, आणि वरच्या पायरीला इतक्या खालून हात पोचत नव्हता.

फोल्डर होते तसे होते. पण प्रोग्रामशिवाय प्रत्येक फोल्डर म्हणजे क्रमांक घातलेल्या हजारो तुकड्यांचा ढीग. गाणं म्हणून त्यात काही दिसत नव्हतं.

दोनच रस्ते होते आणि दोन्ही त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना समजावून सांगितले होते. एक अपग्रेड. जुन्या दुकानांचा माल जिथं साठवून ठेवतात तिथं मशीनला वळवायचं आणि तीन पायऱ्या एकेक करून चढवायच्या. सामान सगळं जागच्या जागी राहतं, पण मधल्या एखाद्या पायरीवर पाय घसरला की मशीन ना वरचं ना खालचं. शिवाय गावातलं इंटरनेट. एका पायरीला दोन दिवस, पावसाची भुरभुर आली तर तीन. दुसरा रस्ता म्हणजे सगळं पुसून नव्यानं इन्स्टॉल. दोन तासांचं काम, खात्रीचं. फक्त सामान आधी बाहेर काढलेलं पाहिजे.

कॅफेवाल्यांच्या चौदाही ठिकाणी त्यांनी सामानाचा कप्पा वेगळा करून दिला होता, म्हणजे पुसलं तरी सामान राहावं. स्वतःच्या मशीनवर लिनक्स टाकलं ते त्याच्याही आधी, शिकता शिकता. तिथं सगळा संसार एकाच खोलीत.

त्यांनी जुन्या लिनक्स मंडळाच्या ग्रुपवर विचारलं. तिथं आता बहुतेक लोक एकमेकांना ईदच्या शुभेच्छा देण्यापुरते उरले होते. तरी तासाभरात एकवीस उत्तरं आली. 'पुसा.' 'पुसा आणि माझंवालं टाका.' 'अपग्रेड करणारा जिवंत परत आलेला मी पाहिला नाही.' 'मी आलोय.' 'तू येऊन काय उपयोग.' एकानं फक्त हसण्याची सहा चित्रं पाठवली. आणि सोलोचे पाक तोहारी, मंडळातले सगळ्यात जुने, त्यांनी विचारलं, 'बॅकअप आहे?'

प्रावोतोंनी लिहिलं, 'आहे तर.' थोडा वेळ ते त्या शब्दांकडे बघत बसले.

बॅकअप होताच. काळी बाहेरची डिस्क, तिच्यावर सगळे फोल्डर उतरवून, ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात त्यांनी स्वतः उघडून तपासले होते. ती डिस्क पाक आरटींकडे होती. पाक आरटी म्हणजे पाक हार्जोनो, 'आरटी' हे नुसतं पदाचं नाव. त्यांच्या मुलीचं लग्न झालं तेव्हा त्याचं शूटिंग नेण्यासाठी त्यांनी 'आठवडाभर' म्हणून ती नेली होती. रिकामी जागा बरीच होती, शूटिंग एका कोपऱ्यात मावलं असतं. त्याला दोन वर्षं होऊन गेली.

दिलेली वस्तू परत मागायची कशी? प्रावोतोंना ते कधी जमलंच नव्हतं. त्यांची शिडी मशिदीच्या मागे आहे, पाना एका शिंप्याकडे आहे, आणि एक छत्री तर त्यांच्याच डोळ्यांदेखत दर पावसाळ्यात दुसऱ्याच्या डोक्यावर गल्लीतून जाते. ते वर तिला मान लववून नमस्कार करतात.

लास्त्रीनं फळ्यावर लिहिलं: डिस्क परत माग.

"मागतो," प्रावोतो म्हणाले.

ते संध्याकाळी गेले. पाक आरटी ओसरीवर पोटावर हात ठेवून बसले होते. या मास्तर, बसा मास्तर झालं. कडक गोड चहा आला, तळलेला कसावा आला. पाक आरटींना प्रत्येक वाक्याला 'तर असं आहे' जोडायची सवय. गटार तुंबलंय, तर असं आहे. सरपंचांना सांगितलंय, तर असं आहे. प्रावोतोंनी गटाराबद्दल दोन सूचना केल्या, नातवाचे गाल ओढले, चौथा तुकडा नको नको म्हणत खाल्ला आणि घरी आले. लास्त्रीनं त्यांच्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे. तिनं डोळे अर्धे मिटले, पोट पुढे काढलं आणि डुलली.

नवी डिस्क घ्यायला काय हरकत होती? पण कॉम्प्युटरचं दुकान गावात एकच, आणि ते बागासचं. बागास म्हणजे पाक आरटींचा जावई. त्याच्याकडून डिस्क घ्यायची म्हणजे, तुमचे सासरे परत देत नाहीत म्हणून घेतोय, असं भर बाजारात बोलून दाखवणंच की. ऑनलाइन मागवावी तर कुरिअरवाला गल्लीतली सगळी पार्सलं बू आरटींच्या, म्हणजे आरटींच्या बायकोच्या, ओसरीवर टाकून जातो, आणि बू आरटी प्रत्येक खोकं हलवून बघतात. प्रावोतोंनी घरात शोधाशोध केली. एक पेनड्राइव्ह मिळाला. त्यावर एक फोल्डर मावला असता, फार तर. सात 'सोमवार वागें'पैकी त्यांनी सर्वांत मोठा उचलून त्यावर ठेवला. मोठा आहे म्हणजे गाणं पूर्ण असेल, हा हिशेब.

लग्नाला आठ दिवस राहिले. ते पुन्हा गेले. या वेळी शेजारच्या एका म्हातारीच्या गुडघ्यांवर तासभर चर्चा झाली. सहा दिवस राहिले. लास्त्रीनं फळ्यावर लिहिलं: मी जाते. प्रावोतो घाबरले. लास्त्री फळा घेऊन आरटींच्या दारात उभी राहिली असती तर तिनं एका ओळीत मागितली असती, मोठ्या अक्षरांत, खाली रेघ मारून. ते म्हणाले, नको नको, आजच विचारतो, आणि चहा येण्याआधी विचारतो.

चहा आला. मग दुसरा आला. शेवटी ते म्हणाले, "पाक आरटी, ती आपली... काळी डिस्क. बरी आहे ना?"

जणू डिस्कला ताप येऊन गेला होता.

पाक आरटींचे हात पोटावरून किंचित उचलले गेले आणि परत खाली आले. "बरी म्हणजे? उत्तम. कपाटात आहे, तर असं आहे."

"आणि आतलं... लास्त्रीचं जे होतं, ते?"

"सुखरूप, मास्तर. त्याला कोण हात लावतो."

आता 'आणा बघू' एवढे दोन शब्द उरले होते. प्रावोतोंनी तोंड उघडलं. आतून बू आरटी केळ्यांची फणी घेऊन आल्या, लग्नघर आहे, घेऊन जा म्हणाल्या. उघडलेल्या तोंडानं त्यांनी आभार मानले. वाटेत त्यांनी ते वाक्य परत परत मनात म्हटलं. सुखरूप, त्याला कोण हात लावतो. गल्लीचा प्रमुख, नमाजी माणूस, स्वतःच्या ओसरीवर बसून बोलला. उघडून पाहायचं म्हणजे त्याच्या तोंडावर तुम्ही खोटे म्हणण्यासारखंच.

लास्त्रीनं विचारलं: पाहिलीस?

"विचारलं," प्रावोतो म्हणाले. "आहे म्हणाले. सगळं आहे."

तिनं फळ्यावर दोनच शब्द लिहिले. नुसती आशा. अक्षरांना त्यांचीच लांबण लावून. प्रावोतो हसले. ते हसायला नको होते, हे त्यांना नंतर पुष्कळदा वाटलं.

त्यांनी अपग्रेडचाही प्रयत्न केला, नाही असं नाही. पहिली पायरी सुरू केली. दिवसभरात बारा टक्के माल उतरला आणि लाइन गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. लग्नाला चार दिवस, पायऱ्या अजून तीन. मग मंगळवार क्लिवोन आला. कामाला हात घालायला चांगला दिवस. सकाळी अंघोळ करून प्रावोतोंनी क्याई साबारचं झाकण उघडलं, धूळ काढली, लास्त्रीकडून मोगऱ्याची चार फुलं मागून घेतली. तिनं दिली, पण फळा छातीशी धरून दारातच उभी राहिली. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

मशीननं विचारलं, सगळं पुसू का? नक्की? ही गोष्ट परत फिरवता येणार नाही.

चौदा कॅफेंत त्यांनी या प्रश्नाला डोळे मिटून होकार दिला होता. इथं मिनिटभर थांबले. मग दिला.

दोन तासांत क्याई साबार नवा कोरा झाला. झटपट उघडायला लागला, रंग सुरेख दिसायला लागले, रेकॉर्डिंगचा प्रोग्राम एका हाकेला आला आणि रिकामा पांढरा पडदा दाखवून उभा राहिला. आता फक्त फोल्डर आणून ठेवायचे. प्रावोतोंच्या अंगात हत्तीचं बळ आलं होतं. ते तडक पाक आरटींच्या ओसरीवर गेले आणि उभ्याउभ्या, चहाच्या आधी, जन्मात पहिल्यांदा म्हणाले, "पाक आरटी, माझी डिस्क द्या."

पाक आरटी उठले. आत गेले ते बराच वेळ आले नाहीत. आतून कपाटाचा आवाज आला, बायकोचा दबका आवाज आला, मग कुणीतरी फोनवर बागासला काही विचारत होतं. डिस्क आली ती कापडी पिशवीत, वर केळ्याच्या पानात बांधलेल्या चिकट भाताच्या सहा गुंडाळ्या. प्रावोतोंनी पिशवी हातात घेतली आणि तिच्या वजनापेक्षा त्या सहा गुंडाळ्यांनीच त्यांना काय ते सांगितलं.

तरी त्यांनी घरी जाऊन डिस्क लावली. आरटींच्या मुलीचं लग्न, चार प्रती. नातवाची कार्टूनं, एकशे बारा. बाकी काही नाही. ते परत गेले. का गेले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पाक आरटी ओसरीवर नव्हते, अंगणात उभे होते, जणू वाट बघत.

"बागासनं केलं, मास्तर. टीव्हीला दिसत नव्हती, तर त्यानं साफ करून... मला वर्षानं कळलं. तुम्हाला सांगणारच होतो. पण तुम्ही येत होतात, बसत होतात, कधी मागितली नाहीत. मला वाटलं, तुम्हाला नको असेल." त्यांचे हात पोट शोधत होते आणि त्यांना ते सापडत नव्हतं. 'तर असं आहे' ते म्हणाले नाहीत.

प्रावोतोंना वाटलं, आता ओरडावं. निदान विचारावं, त्या दिवशी सुखरूप का म्हणालात. पण समोरचा माणूस लाजेनं अर्धा झाला होता, आणि लाजेनं अर्ध्या झालेल्या माणसापुढे काय करायचं याची त्यांना एकच रीत ठाऊक होती.

"काही हरकत नाही," प्रावोतो म्हणाले आणि हसले. "खरंच काही हरकत नाही."

दोघांनी मिळून थोडा वेळ गटाराकडे पाहिलं.

घरी लास्त्रीला सांगावं लागलं नाही. ती पडद्यावर उघडलेली कार्टूनांची यादी बघत बसली होती, बोट एकेका नावावरून खाली नेत, जणू मध्येच कुठेतरी 'गुरुवार पोन' निघेल. प्रावोतोंना पेनड्राइव्ह आठवला. तिसऱ्या खेपेला तो लागला. 'सोमवार वागे', सर्वांत मोठा. नवा प्रोग्राम म्हणाला, जुनं आहे, पण उघडतो. उघडलं. त्रेचाळीस मिनिटं.

पहिली अठरा मिनिटं प्रावोतो स्वतःच साथीचा रबाब जुळवत होते. वाईट जुळवत होते. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, कोंबडा, लांबून कुणाची तरी मोटारसायकल. पुन्हा रबाब. मग एकदम जवळून, इतक्या जवळून की दोघंही दचकले, लास्त्रीचा आवाज आला.

"चालू केलंयस का? नको रे, थांब. आधी पाणी पिऊ दे."

पेला ठेवल्याचा आवाज. मग ती खाकरली, एकच सूर हलकेच लावून पाहिला, अर्धवट सोडला, आणि हसून म्हणाली, "तुझी तार उतरलीय. आधी ती बघ, मग मी गाते." त्यानंतर उरलेला सगळा वेळ प्रावोतो तार जुळवत होते. मोठा होता तो त्याचमुळे. रेकॉर्डिंग संपलं.

लास्त्रीनं ते पुन्हा लावायला सांगितलं नाही. तिनं फळा मांडीवर घेतला, मार्करचं टोपण काढलं, परत लावलं. क्याई साबारच्या माथ्यावरची मोगऱ्याची फुलं मशीनच्या गरम वाऱ्यानं कडेला तपकिरी झाली होती.

तेवढ्यात फोन वाजला. सेकार. मागे तिच्या मैत्रिणींचा गोंधळ, कुणीतरी तिच्या केसांत काहीतरी खोचत असावं, कारण ती मध्येच 'आई गं' म्हणाली.

"पाक, झालं ना? सापडलं आईचं?"

लास्त्रीनं एका झटक्यात लिहिलं आणि फळा त्यांच्या तोंडासमोर धरला. खरं सांग.

प्रावोतोंनी फळा वाचला. चष्मा वर सरकवून आणखी एकदा वाचला. मग फोन दुसऱ्या कानाला लावला, फळ्याकडे पाठ होईल असा, आणि विचारलं, "जेवलीस का गं?"